लागू न दिलेल्या आगी

भेटल्यावर माणसं नमस्कार करतात, बंबकाका वास घ्यायचे. सकाळी, मी जिथे कारकून होतो त्या टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभे राहिले की आधी नाक वर, मग डावीकडे, मग उजवीकडे आणि शेवटी माझ्या दिशेने. "बटाटो," ते म्हणायचे. डबा पिशवीत, पिशवी टेबलाखाली, आणि आईने भाजी कसली दिलीय हे मला स्वतःलाच ठाऊक नसायचं. दुपारी डबा उघडला की बटाटाच निघायचा. एवढं चांगलं नाक देवाने त्यांना दिलं आणि त्याचा पगार मात्र हंगामी कामगाराचा लावला.

आमची कंपनी साकीनाक्याहून मरोळकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती आणि पोलादी टाक्या बनवायची. टाक्या एवढ्या मोठ्या की कुठल्या छपराखाली मावायच्या नाहीत, म्हणून सगळं काम उघड्या यार्डात चालायचं. वेल्डिंग उघड्यावर, कटिंग उघड्यावर, रंगकाम उघड्यावर. भोवती गुडघाभर गवत, दिवाळी झाली की वाळून पार पापड. मशिनं ज्यातून यायची ती लाकडी खोकी एका कोपऱ्यात, खोक्यांतला पेंढा त्यांच्याच शेजारी ढीग घालून, आणि पेंढ्यापासून पंधरा पावलांवर थिनरच्या पिंपांची पत्र्याची शेड. ही मांडणी ज्या साहेबाने केली होती त्याला बढती मिळून तो हेड ऑफिसला गेला होता. ती बदलायची तर त्याचीच परवानगी लागायची, त्यामुळे ती बदलली नाही.

काका मूळचे कुडाळकडचे. गिरणीत वीस वर्षं आगीच्या बंबावर होते. संपानंतर गिरणीला कुलूप लागलं ते लागलंच, आणि पन्नाशीला टेकलेले काका एके दिवशी असल्फ्याच्या आपल्या खोलीतून चालत आमच्या गेटवर येऊन उभे राहिले. शिडशिडीत माणूस, खाकी कपडे, डावी भुवई अर्धीच. उरलेली अर्धी गिरणीत राहिली, असं ते सांगायचे. कंपनीने त्यांना 'फायरमन, हंगामी' म्हणून घेतलं. हंगाम तीन वर्षं चालला.

आल्या आल्या त्यांनी गेटवर एक लाकडी पेटी ठेवली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची काडेपेटी, विडी, सिगरेट काढून घ्यायला सुरुवात केली. बदल्यात पत्र्याचा नंबर मारलेला बिल्ला. संध्याकाळी बिल्ला द्या, विडी न्या. कामगारांनी पहिल्या आठवड्यात शिव्या घातल्या, दुसऱ्या आठवड्यात युनियनकडे गेले आणि तिसऱ्या आठवड्यात निमूट रांगेत उभे राहिले, कारण काकांशी वाद घालायला लागलं की ते वाद घालतच नसत. पेटीचं झाकण उघडून नुसते उभे राहत.

एकदा हेड ऑफिसचे मोठे साहेब आले. गाडी आत घेणार तोच काकांनी हात आडवा केला. साहेबांनी खिशातून सोनेरी लायटर काढला, काकांनी तो दोन बोटांत धरून पेटीत विड्यांच्या बंडलांवर ठेवला आणि साहेबांच्या हातात त्रेचाळीस नंबरचा बिल्ला दिला. मोठे साहेब हसले. आमचे मॅनेजर हसले नाहीत. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. साहेब बिल्ला खिशात घालून यार्डभर हिंडले आणि जाताना रांगेत उभं राहून लायटर परत घेऊन गेले. मोठ्या माणसांना अशी गंमत सोसते. मधल्या माणसांना सोसत नाही. त्या दिवसापासून मॅनेजरनी काकांचं नाव मनात कुठेतरी लिहून ठेवलं.

काका माणसं ओळखायचे तीही आगीवरून. लाकूड, कापड, कागद यांची आग 'ए', तेलाची 'बी', वायूची 'सी', धातूची 'डी' असे आगीचे वर्ग असतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. यार्डातला प्रत्येक माणूस त्यांनी यातल्या कुठल्या ना कुठल्या वर्गात बसवला होता. मॅनेजर 'बी'. "पाणी मारलंस तर आणखी भडकतलो. तेच्यावर गप झाकण ठेवूचा." पर्सोनेलचे साहेब 'सी'. "दिसणत नाय, पण खोलीत आसत तर वासान कळता." आमचा वेल्डर पास्कल, मरोळ गावठाणातला, बोलायला एकदम फटकळ आणि कामाला सोनं, तो 'डी'. सहसा पेटत नाही, पेटला तर कुणाच्या बापाला विझत नाही.

"आणि मी, काका?"

"तू कागद. लगेच पेटतंस, लगेच इझतंस," ते म्हणाले. मला राग आला आणि लगेच गेलाही.

यार्डात जागोजागी लाल बादल्या टांगलेल्या होत्या, वाळू भरलेल्या. त्यांचा तळ गोल असतो, म्हणजे कुणी घरी नेली तरी ती जमिनीवर उभी राहू नये. माणसाच्या स्वभावाचा एवढा खोल विचार करून बनवलेली दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही. तरी आमच्या लोकांनी तोड काढलीच होती. कुणी वाळूत थुंकायचं, कुणी तंबाखूची पुडी लपवायचं, आणि सत्यनारायणाच्या पूजेला केळीचे खांब रोवायला वाळू हवी म्हणून पर्सोनेलच्या साहेबांनी स्वतः दोन बादल्या रिकाम्या करवल्या होत्या. काका दर शनिवारी सगळ्या बादल्या खाली काढून वाळू चाळायचे. घरून चाळण आणायचे. चाळून झालं की बादली परत टांगताना तिला काहीतरी पुटपुटायचे. मी एकदा कान देऊन ऐकलं. ते तिची माफी मागत होते.

त्यांचा सगळ्यात जाचक नियम वेल्डिंगचा. वेल्डिंग सुरू करण्याआधी भोवतीचं गवत कापायचं, जमीन भिजवायची, शेजारी एक माणूस ओलं पोतं घेऊन उभा करायचा. आणि शेवटची ठिणगी पडल्यावर अर्धा तास त्या जागेवरून हलायचं नाही. ठिणगी गवतात दडी मारून बसते आणि माणसं गेली की उठते, असं त्यांचं म्हणणं. सुपरवायझर म्हणायचे, अर्धा तास नुसतं बसायला माणूस कुठून आणू? मग काका स्वतःच बसायचे. पाच वेल्डर पाच ठिकाणी सुटले तर काका ओलं पोतं खांद्यावर टाकून पाचही ठिकाणी फेऱ्या मारत राहायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस पोतं वाळवायला फिरतोय.

एकदा गणपतीत मी त्यांच्या घरी गेलो होतो. चाळीतल्या बाकी सगळ्यांकडे थर्मोकोलची मखरं, झिरमिळ्या, लुकलुकणारे दिवे. काकांच्या गणपतीला केळीची पानं, तीही पाणी शिंपडलेली. आरती सुरू झाली. काकी तबक ओवाळत होत्या, पोरंसोरं टाळ्या वाजवत होती आणि गणपतीच्या उजव्या अंगाला काका ओलं पोतं धरून उभे होते. कापूर पेटला तसे ते एक पाऊल पुढे सरकले. शेजारच्या आजी हळूच मला म्हणाल्या, "देवापुढे तरी थोडा कापूर जळू द्या म्हणावं." कापूर विझेपर्यंत काकांनी डोळे मिटले नाहीत. मग पोतं खाली ठेवलं आणि मनोभावे हात जोडले.

आता वहीचं सांगायला हवं, कारण वहीनेच त्यांचा घात केला. कंपनीची एक आगनोंद वही होती. तारीख, वेळ, ठिकाण, कारण, जबाबदार व्यक्ती, सही असे रकाने. पहिल्याच महिन्यात काकांनी तिच्यात सहा आगी लिहिल्या. एक ठिणगी गवतात पडली, पायाने विझवली. एक चिंधी धुमसत होती, वाळू टाकली. वही बघून मॅनेजर खुर्चीतून उडाले. "सहा आगी? विमावाल्यांनी हे बघितलं तर वाट लागेल आपली! ठिणगी म्हणजे आग नव्हे. कंपनीच्या मालाचं नुकसान झालं तर आग. समजलं?" मॅनेजरनी ते पान तिथेच फाडलं. काकांना समजलं. त्यानंतर तीन वर्षं ते रोज संध्याकाळी एकच शब्द लिहीत आले: निरंक.

मग हेड ऑफिसला वाटलं की कुठला माणूस किती काम करतो ते मोजावं. एक तरुण गृहस्थ हातात स्टॉपवॉच घेऊन आमच्या यार्डात आले. चेहऱ्यावर घाम आणि गळ्यात टाय. त्यांनी फिटर मोजले, वेल्डर मोजले, आणि काकांपाशी आले तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

"तुम्ही दिवसाला साधारण किती आगी विझवता?"

"एक पन नाय."

"आठवड्याला?"

"नाय."

"बरं, वर्षाला?"

"वहीत बघा," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता.

गृहस्थांनी वही पाहिली. तीन वर्षांची निरंकं पानोपानी उलटून पाहिली. त्यांनी आपल्या कागदावर एक मोठं शून्य काढलं आणि त्याभोवती चौकोन. पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसची चिठ्ठी आली. फायरमनच्या जागेला काम नसल्याचं दिसून आलं आहे, महिनाअखेर जागेची गरज सिद्ध न झाल्यास ती रद्द करावी. चिठ्ठीची प्रत मीच टाइप केली. दोन अक्षरं चुकली, ती खोडून पुन्हा मारावी लागली.

मी काकांना सांगितलं. त्यांनी खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाले, "गिरणी बंद झाली तेव्हा बायकोक सांगूक माका चार दिवस लागले. आता किती लागतले?"

त्या दुपारी मी आणि पास्कल टाकीच्या सावलीत बसलो होतो. मी म्हटलं, एक साधी आग लागली असती तर हा माणूस वाचला असता. पास्कलने मान वर केली. "मग लागू दे ना."

"म्हणजे?"

"छोटी रे. चहा उकळेल एवढी. परवा मोठे साहेब येणार आहेत ना राउंडला? ते यार्डात शिरले की तू पेंढ्याला काडी लाव. धूर दिसला की मी बोंब मारतो. काका येतील, फस्कन विझवतील, साहेब स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. झकास!"

आता हे लिहिताना मला त्या दोन शहाण्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. तीन वर्षं त्या माणसाच्या संगतीत राहून आम्ही एवढंच शिकलो होतो की आग लागली तर काका विझवतात. ती कशी चालते, कुठे जाते, यातलं काही आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं. पण तेव्हा मला ती कल्पना फार थोर वाटली. कागद पेटला होता.

काडेपेटी आत न्यायची कशी हा प्रश्न होता. मी विडी ओढत नसे, त्यामुळे काका मला तपासत नसत. पण नाकाचं काय? मी ती फडक्यात गुंडाळून डब्यात घातली, बटाट्याच्या भाजीवर. भाजीच्या वासापुढे गंधक कळणार नाही असा माझा हिशेब. तो मात्र बरोबर ठरला. "बटाटो," काका गेटवरच म्हणाले आणि मी आत गेलो.

अकराच्या सुमाराला मोठ्या साहेबांची गाडी आली. सगळा स्टाफ ऑफिससमोर रांगेत उभा केला होता. काका रांगेत शेवटचे, धुतलेला खाकी शर्ट, बुटांना पॉलिश. काकींनी शर्टाला इस्त्री केली असणार. मी टाइम ऑफिसच्या मागच्या दाराने सटकलो आणि खोक्यांच्या मागे गेलो. पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरीही विझली. तिसरी मी ओंजळीत धरून पेंढ्यात खुपसली.

चहा उकळेल एवढी आग कशी असते ते मला माहीत नाही. ही तशी नव्हती. पेंढ्याने एक सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला आणि माझ्या छातीएवढी ज्वाळा उभी राहिली. मी मागे झालो. वारा पेंढ्यावरून शेडकडे जात होता. शेडच्या सावलीत टाक्यांचा गंज खरवडणाऱ्या तीन बाया फडकं पसरून भाकरी खात होत्या, माझ्याकडे पाठ करून. हे सगळं मी पाहिलं. बाया पाहिल्या, पिंपं पाहिली, वारा पाहिला. आणि मी पळालो.

पळताना काका समोरून येताना दिसले. धुराची रेषसुद्धा अजून खोक्यांच्या वर आली नव्हती. मोठे साहेब त्यांच्यापाशी पोचायला पाच माणसं उरली असताना ते कुणालाही न विचारता रांग सोडून निघाले होते. पोतं भिजवलेलंच होतं, ते रोज भिजवलेलंच असायचं. त्यांनी ते ज्वाळेच्या मुळाशी मारलं, वाऱ्याच्या बाजूचा पेंढा पायाने लाथाडून दूर केला, दोन बादल्या ओतल्या आणि मग बुटांनी तुडवत राहिले. मिनिटभरही लागलं नसेल. मी एका टाकीच्या आडून बघत होतो. वाळूचा एक फवारा बायांच्या फडक्यावर गेला, तेव्हा त्या वळल्या आणि त्यांनी काकांना मालवणीतही नसतील अशा शिव्या हासडल्या.

पास्कल धुराची वाट बघत टाकीवर बसला होता. धूर काही येईना. शेवटी धीर सुटून त्याने बोंब मारली, "आग! आग!" मोठे साहेब, मॅनेजर, सगळा लवाजमा धावत आला. खोक्यांमागे विखुरलेली वाळू होती, थोडा तुडवलेला पेंढा होता आणि शर्ट काळा झालेला एक माणूस होता.

"कुठाय आग?" मॅनेजर ओरडले. "रांगेतून कुणाला विचारून गेलात? आग लागली होती का इथे? हो की नाही ते सांगा!"

काकांच्या डाव्या मुठीत काहीतरी होतं. मूठ किंचित उघडली तेव्हा मला दिसलं. पळताना माझ्या हातून पडलेली काडेपेटी. तिच्यावर हळदीचा पिवळा तेलकट डाग होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर जागेची गरज तिथेच, मोठ्या साहेबांच्या देखत सिद्ध झाली असती. पण मग वही आली असती. वहीत कारणाचा रकाना होता, जबाबदार व्यक्तीचा रकाना होता, आणि माहीत असलेलं कारण 'अज्ञात' म्हणून लिहिणं या माणसाला जन्मात जमलं नसतं. माझी नोकरी गेली असती, कदाचित पोलीसही आले असते. मला हे सगळं कळत होतं. एक पाऊल पुढे होऊन मी बोलू शकत होतो.

"नाय साहेब," काका म्हणाले. "कंपनीच्या मालाचा काय एक नुकसान जाला नाय."

मॅनेजरना त्यांचीच व्याख्या इतकी गोड कधी लागली नसेल. पास्कलला खोटी बोंब मारल्याबद्दल मेमो मिळाला. तिन्ही बायांनी जेवणात वाळू टाकल्याची तक्रार केली, ती काकांच्या फायलीत लागली. रांग सोडल्याचा मेमो वेगळा. आणि महिनाअखेर काकांची जागा रद्द झाली. तो कागदही मीच टाइप केला. एकही अक्षर चुकलं नाही.

शेवटच्या दिवशी ते चाव्या द्यायला टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले. चाळण, एक जुना टॉवेल आणि पाण्याची बाटली एवढं सामान पिशवीत होतं. मी त्यांच्या मागोमाग गेटच्या बाहेर गेलो. सगळा महिना जे सांगायचं राहिलं होतं ते एकदाचं बाहेर पडलं.

"काका, ती आग मीच... तुमच्यासाठीच लावली होती. तुमची नोकरी वाचावी म्हणून."

"ठावक आसा माका."

"मला माफ करा."

"माझ्यासाठी लावलंस, ता मी समाजलंय," ते म्हणाले. रागावलेले नव्हते. मला वाटतं, रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "गाढवपणा केलंस, तोव ठीक. ह्या वयात होता. पण थंय तीन बायो बसलेल्यो. तू पळालंस कित्याक?"

"घाबरलो काका."

"घाबराचाच. मीव घाबारतंय. रोज." त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "घाबारल्यार माणसान आरडूचा तरी. तू आरडलं असतंस, तर त्यो उठान बाजूक झाल्यो असत्यो. एक हाक मारूची होती रे. तेच्यान काय कोणाची नोकरी जाणा नाय."

ते रस्ता ओलांडून असल्फ्याच्या दिशेने चालू लागले, वळले नाहीत, भराभरा चाललेही नाहीत. त्यांना थांबवून आत न्यावं, मॅनेजरच्या केबिनमध्ये उभं करावं आणि सगळं खरं सांगून टाकावं, असं माझ्या मनात आलं. त्याला अजून वेळ होता. मॅनेजर सहापर्यंत बसायचे.

काका चौकाशी पोचेपर्यंत मी गेटवर उभा होतो. मी हाक मारली नाही.